नळाला शिव्या घालण्याआधी

उभा राहा. मागे काय बघतोस, तुलाच म्हणतोय. ती बाटली टेबलावर ठेव, दिसू दे सगळ्यांना. तांदळाच्या धुवणासारखं पाणी! आणि तुझं म्हणणं काय, तर इरई धरणाचं पाणीच खराब. अख्खं चंद्रपूर तेच पितं, तूही पितोस, आणि चार मासे मेले की दोष धरणाला?

आता मी विचारतो. काचपेटी कधी आणलीस? शनिवारी. मासे कधी सोडलेस? शनिवारीच. किती? १२ गोल्डफिश! दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच पेटीत काठोकाठ भरलं तरी ५६-५७ लिटर पाणी मावतं. त्यात वाळू, आणि वर तो प्लास्टिकचा किल्ला. आकडेमोड येत नव्हती की करायचीच नव्हती? गोल्डफिश खातो भरपूर आणि घाण त्याहून करतो. सुरुवात गप्पीच्या दोन जोड्यांनी करायची. गडचिरोलीत हिवतापाचे डास आवरायला डबक्यांत सोडतात तोच गप्पी. डबक्यात तगतो, तुझ्याकडेही तगला असता कदाचित.

बरं, सोमवारी पाणी पांढुरकं झालं. तेव्हा हाताची घडी घालून गप्प बसला असतास तरी निम्मं काम झालं असतं. पण तू सगळं पाणी उपसलंस, वाळू नळाखाली धुतलीस आणि फिल्टरचा स्पंज साबणाने घासलास. साबणाने! दोन दिवसांनी पुन्हा पांढरं, पुन्हा उपसा. मग तुरटी फिरवली. तीही पुरली नाही म्हणून कुरखेड्याच्या आजीकडून निवळीच्या बिया आणून काचेवर उगाळल्यास.

निवळीची बदनामी मी ऐकून घेणार नाही, म्हणून आधी तिचं. आपल्याच जंगलातलं झाड आहे ते. आजी ती बी माठाला आतून घासते ती पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यासाठी. मातीचे बारीक कण एकमेकांना धरतात, जड होतात, तळाशी बसतात. तुरटीचं कामही तेच. आजीच्या माठात माती होती. तुझ्या पेटीत जिवाणू आहेत, उरलेल्या खाण्यावर आणि विष्ठेवर माजलेले. तासाभरात दुप्पट होऊ शकणारी जात ती. निवळीने घटकाभर पाणी स्वच्छ दिसेलही, पण त्यातला अमोनिया जागचा हलत नाही. तुझे मासे बहुधा त्यानेच गेले.

नायट्रोजन चक्र मी याच फळ्यावर काढलं होतं. परीक्षेत तू ते बाणांसकट बिनचूक उतरवलंस, गुणही घेतलेस. पेटीपुढे उभा राहिलास तेव्हा कुठे गेलं ते? माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे काही त्याचं नायट्रेट करतात, ते माशाला बऱ्यापैकी सोसतं. हे कामाचे जिवाणू वाळूवर आणि स्पंजच्या छिद्रांत घर करून राहतात आणि फार सावकाश वाढतात. त्यांचा जम बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन घालतात ते जंतू मारायलाच. म्हणजे ज्यांनी पाणी राखायचं त्यांनाच तू दर दोन दिवसांनी मारत होतास, आणि वर मला विचारतोस, "सर, पाणी निवळत का नाही?"

आणि दुसऱ्या बाकावर हसू कोणाला येतंय? तुझी पेटी खिडकीत, उन्हात, आणि पाणी हिरवंगार. ते शेवाळ आहे. ऊन आणि जास्तीचं खाणं मिळालं की ते फोफावणारच. रामाळा तलाव रोज बघतेस ना? गोंड राजांच्या काळचा तलाव, पण शहराचं सांडपाणी त्यात गेलं आणि जलपर्णी माजली. २०२१ मध्ये इको-प्रो संस्थेच्या बंडू धोतरे यांना त्यासाठी उपोषणाला बसावं लागलं. तिथे सांडपाणी, तुझ्याकडे चमचाभर दाणे, पोसणं तेच. पेटी भिंतीकडे सरकव.

आता वही काढा. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. सध्या याने दोन दिवस काहीच घालायचं नाही, मासे उपाशी मरत नाहीत. रोज पाव हिस्सा पाणी बदलायचं, सगळं नाही. नवं पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवायचं, किंवा दुकानात क्लोरीन घालवायचे थेंब मिळतात ते बाटलीवरच्या मापाने टाकायचे. पाणी निवळलं की आठवड्यातून एकदा बदललं तरी पुरे. स्पंज धुवायचाच तर पेटीतून काढलेल्या पाण्यात पिळायचा. हवेचा पंप बंद करायचा नाही. २० अंशाला लिटरभर पाण्यात नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला जेमतेम साडेसात. आपल्या मे महिन्यात काय होत असेल ते घरी जाऊन लिहून आणा.

शेवटचं, आणि हे सगळ्यांसाठी. उरलेले आठ मासे तुला जड झाले तर दुकानदाराला परत दे. तो घेत नसेल तर शाळेत घेऊन ये, मी बघतो. रामाळ्यात, इरईत किंवा गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात एकही सोडायचा नाही. काचपेटीतला सकर मासा असाच कुणीतरी सोडलेला. आज उजनीत तो मच्छीमारांची जाळी फाडतो. आपल्या ढिवरांच्या जाळ्यात असलं काही सापडलं तर पहिला जाब मी तुलाच विचारीन.