इंजिन शीक, पेट्रोलचा हट्ट सोड

साउथ तुकोगंज, इंदूर



तू सरळ विचारलंस, म्हणून सरळच उत्तर देतो. बाहा, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बांधून शर्यतीत उतरवायची स्पर्धा; तिच्यासाठीच्या कॉलेजच्या संघात पेट्रोलच्या गाडीवर काम करावं की विजेच्या, हा तुझा प्रश्न. त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे: ज्या गाड्यांच्या आवाजावर तुझा जीव जडलाय, त्या तू कमवायला लागेपर्यंत शिल्लक राहतील का? माझं उत्तर असं की राहतील, पण तुझ्यामाझ्यासारख्यांच्या आवाक्यात फार थोड्या राहतील. असं का, ते नीट समजून घे. एकदा ते समजलं की संघाचा निर्णय तुझा तूच करशील.

आपल्या इंदूरला वेगवान गाडीचं अप्रूप जुनं आहे. तुकोजीराव होळकरांच्या नावाचा हा आपला तुकोगंज. त्याच घराण्यातल्या यशवंतराव होळकर दुसऱ्यांनी १९३०च्या दशकात अमेरिकेतली ड्युसेनबर्ग घेतली आणि तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून बांधून घेतली. रंग संस्थानाचे, केशरी आणि काळा. आठ सिलिंडर एका ओळीत, सुमारे ६.९ लिटरचं इंजिन, दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि वर सुपरचार्जर. कंपनी ३२० अश्वशक्ती सांगत असे. आज दुकानात जाऊन घेता येणाऱ्या बहुतेक गाड्यांत याच्या निम्मीही ताकद नसते. पण ही गाडी करणारी कंपनी १९३७ मध्ये बंद पडली. गाडी उत्तम होती, घेणारे मूठभर होते. वेगाचा शौक राजाच्या पदरी असला तर तो राजाबरोबर येतो आणि राजाबरोबर जातो.

मध्यमवर्गाला वेग परवडायला फार उशीर लागला. आमच्या तरुणपणी १९८४ मध्ये कॉन्टेसा आली, आणि पुढे तिच्यात इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन बसलं. हिंदुस्थान मोटर्सच्या पीथमपूरच्या कारखान्यात ही इसुझू इंजिनं तयार होत, अॅम्बेसेडरमध्येही बसत. अंगापिंडानं भारी असलेल्या त्या गाडीला या इंजिनानं पिकअप आला आणि इंदुरातल्या कितीतरी घरांत तिचं कौतुक झालं. खरा सुकाळ आला तो मात्र २०१३ नंतर. चाकणला तयार होणारी फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय आठ लाखांच्या आत मिळायची: १.२ लिटर टर्बो, १०५ अश्वशक्ती, सात गिअर. २०१५ मध्ये रांजणगावच्या कारखान्यातून अबार्थ पुंटो आली, १४५ अश्वशक्ती आणि किंमत दहा लाखांच्या आत. बँकेतला कारकून, शाळेतली शिक्षिका, नुकता नोकरीला लागलेला इंजिनिअर यांनी कर्ज काढून घ्यावी अशी वेगवान गाडी महाराष्ट्रात तयार होत होती.

आज ती जागा रिकामी आहे. पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, पुंटो त्याच्याही आधी गेली. २०२५ मध्ये फोक्सवॅगननं गोल्फ जीटीआय भारतात आणली ती परदेशातून तयार, पहिल्या खेपेला १५० गाड्या, किंमत ५३ लाख रुपये. ग्राहक नाहीत असं नव्हे, कारण त्या गाड्या हातोहात खपल्या. पण दहा लाखांचा ग्राहक आणि त्रेपन्न लाखांचा ग्राहक हे दोन वेगळे लोक आहेत. मला चिंता आहे ती या पहिल्या माणसाची.

तो कुठे अडला ते पाहा. सरकार कंपनीनं विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या कार्बन डायऑक्साइडची सरासरी मोजतं. २०२२-२३ पासून ती मर्यादा किलोमीटरला ११३ ग्रॅम आहे आणि ती पुढे आणखी खाली यायची आहे. विजेची गाडी या हिशेबात शून्य धरली जाते. स्वस्त आणि वेगवान पेट्रोल गाडी हजारोंनी खपली तर कंपनीची सरासरी बिघडते. दीडशे गाड्या आल्या तर कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणजे नियमाचा भार महागड्या गाडीवर पडत नाही, लोकांच्या गाडीवर पडतो. त्यात कराची भर. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंतच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यापुढे ४० टक्के, आणि विजेच्या गाडीवर ५ टक्के. पुंटोचं इंजिन १.४ लिटरचं होतं. तीच गाडी आज कुणी काढली तर पहिल्याच पायरीवर तिचा भाव चढेल.

इंधनही बदललं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. निव्वळ पेट्रोलच्या मानानं त्यात लिटरमागे साधारण सात टक्के ऊर्जा कमी असते, म्हणून अॅव्हरेज घसरतं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील यांना ते मानवत नाही. पण इथेनॉलचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा बराच वरचा आहे. ठोका, म्हणजे नॉकिंग, उशिरा येतं. त्यामुळे इथेनॉल मनात धरून बांधलेल्या टर्बो इंजिनात दाब वाढवता येतो आणि ताकदही काढता येते. उसाच्या पट्ट्यातल्या कारखान्यांतून येणारं हे इंधन वेगाचा शत्रू नाही. त्याच्यासाठी कुणी मन लावून इंजिन बांधलं पाहिजे, एवढंच. तुझ्यासारख्यांना काम आहे ते इथे.

बाहेरचं जगही ठाम नाही. युरोपीय संघानं २०२३ मध्ये ठरवलं की २०३५ पासून कार्बन सोडणारी नवी गाडी विकायची नाही. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांच्याच आयोगानं ही अट शंभर टक्क्यांवरून ९० टक्के कपातीवर आणायचा प्रस्ताव मांडला. पोर्शेनं चिलीत वारा, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून कृत्रिम पेट्रोल करणारा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू केला. टोयोटानं हायड्रोजन जाळणारं इंजिन शर्यतीत उतरवलं. म्हणून कुणी तुला छातीठोकपणे एखादं शेवटचं साल सांगितलं, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. तसंच, जुने दिवस परत येतील असं सांगणाऱ्यावरही ठेवू नकोस.

आता विजेकडे वळू. आपल्या पीथमपूरला नॅट्रॅक्स या सरकारी वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे. २०२१ मध्ये प्रकाश जावडेकर केंद्रात अवजड उद्योगमंत्री असताना त्यांनी त्याचं उद्घाटन केलं. त्या वेळी तो आशियातला सर्वांत लांब होता. याच ट्रॅकवर २०२३ मध्ये महिंद्रा समूहाच्या कंपनीची पिनिनफरिना बतिस्ता धावली. १९०० अश्वशक्ती. पाव मैल तिनं ८.५५ सेकंदांत तोडला आणि ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे गेली. भारतात वेगाचा विक्रम झाला तो आपल्या माळव्यात, आणि तो केला विजेच्या गाडीनं. माझा सारा जन्म इंजिनांत गेला, तरी मला त्याचा आनंद झाला, हे तुला मनापासून सांगतो.

हे का घडलं, ते तुला समजायला अवघड नाही. इंजिनाला नुसतं चालू राहायलाच मिनिटाला सातआठशे फेरे लागतात आणि खरी ताकद वरच्या फेऱ्यांत असते. म्हणून क्लच हवा, गिअर हवेत. विजेची मोटर पहिल्या फेऱ्यापासून पुरा टॉर्क देते. दुसरीकडे, एक किलो पेट्रोलमध्ये साधारण १२ युनिट ऊर्जा असते, तर एक किलो बॅटरी पॅकमध्ये पाव युनिटही नसते. इंजिन बरीचशी ऊर्जा उष्णतेत घालवतं, मोटर फार थोडी. तरीही वजनाचा हिशेब पेट्रोलच्या बाजूनं राहतो. नऊ सेकंदांची शर्यत वीज जिंकते. तासन्‌तास दमवणारी, हलक्या गाडीनं घाटात वळणं घेत जाणारी शर्यत आली की टाकीतलं पेट्रोल अजून वरचढ ठरतं. दोघांच्या मर्यादा अशा आकड्यांत बघायला शीक. भक्ती आकड्यांनंतर.

मग इंजिन कशाला शिकायचं? घरोघरी इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला तरी गवई शिष्याला मिरजेचा तंबोरा जुळवायला बसवतो, कारण जुळवताना कान तयार होतो. इंजिनाचं तसंच आहे. हवा किती, इंधन किती, ठिणगी किती अंश आधी, उष्णता कुठून बाहेर काढायची, हे सगळं इंजिन तुला कानानं, वासानं, हाताला लागणाऱ्या थरथरीनं सांगतं. चुकलास तर तिथल्या तिथे सांगतं. ही शिस्त अंगी बाणली की बॅटरी थंड कशी ठेवायची, हा प्रश्न तुला परका वाटणार नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकते, आणि ती तुमच्या पिढीनं लावून धरावी. २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या मूळ रूपातल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली. फार चांगलं झालं. पण साध्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, मग फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण, आणि जुनी होत जाईल तशी वाढती फी. पंधरा ते पन्नास, या पस्तीस वर्षांत गाडी ना नवी ना वारसा. सर्वांत पहिली कॉन्टेसा पन्नाशीला पोचेल ती २०३४ मध्ये. तोवर किती भंगारात गेलेल्या असतील? राजाची गाडी संग्रहालयात जपली जाते. लोकांची गाडी जपायला कायद्यानं थोडी वाट ठेवावी: वर्षाला ठरावीक किलोमीटर, कडक धूर तपासणी, पण वाजवी फी. अशा गाड्यांनी हवा बिघडत नाही. रोज रस्त्यावर धूर ओकणाऱ्या हजारो गाड्यांनी ती बिघडते.

इंजिनात किंवा सायलेन्सरमध्ये फेरफार करण्याबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल केलेली गाडी रस्त्यावर चालणार नाही. हा कायदा पाळ. रात्री इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर गाड्या पळवणारी मुलं मला माहीत आहेत. त्यांचा वेग बघून मला कौतुक वाटत नाही, त्यांच्या आईची काळजी वाटते. वेगाची जागा ट्रॅकवर. आणि ट्रॅक सामान्य माणसाला मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. नॅट्रॅक्ससारख्या सरकारी ट्रॅकनं महिन्यातून एखादा दिवस हेल्मेट, रुग्णवाहिका आणि प्रशिक्षक यांच्यासह वाजवी शुल्कात तरुणांना द्यावा, अशी मागणी तुम्ही इंजिनिअरिंगच्या मुलांनी एकत्र येऊन लेखी करा. मी सही करीन आणि माझ्या वयाच्या लोकांच्याही सह्या आणीन.

आता तुझा निर्णय. बाहाच्या पेट्रोल गटात सगळ्या संघांना सारखंच इंजिन मिळतं: ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं, ३०५ सीसी, दहा अश्वशक्ती. त्याला हात लावायचा नाही. जिंकतो तो चेसिस हलकी करणारा, सस्पेन्शन नीट बसवणारा, चार तासांच्या शर्यतीत एकही नटबोल्ट सैल न होऊ देणारा संघ. विजेचा गट २०१५ पासून आहे. माझा सल्ला असा: पहिलं वर्ष पेट्रोलच्या गाडीवर काढ, हात काळे कर, तोडमोड दुरुस्त करायला शीक. दुसऱ्या वर्षी विजेच्या गटात जा आणि तीच सचोटी तिथे ने. नोकरी दोन्हीकडे आहे, पण दोन्ही कळणारी माणसं थोडी आहेत.

वेगावर प्रेम कर. इंधनाशी लग्न लावू नकोस. स्पर्धेसाठी पीथमपूरला येशील तेव्हा संघातल्या सगळ्यांना जेवायला तुकोगंजला घेऊन ये; किती जण आहात ते आठ दिवस आधी कळव.

तुझा,
आजोबा