स्वस्ताईचा हिशेब

माहीम-केळव्याच्या वाड्यांत जुन्या दिवसांचा विषय निघाला की स्वस्ताई आलीच. नारळ किती पैशांना, मासळी किती आण्यांना, सगळे तोंडपाठ. रोजाचा आकडा मात्र कुणाच्या लक्षात नसतो. 1945 मध्ये इथून उत्तरेला, तलासरीकडच्या झरीच्या परिषदेत वारल्यांनी रोजाला बारा आणे मागितले आणि त्यासाठी त्यांना संप करावा लागला. स्वस्ताई होती ती अशा रोजावर उभी होती.

जगायला किती लागते, हा प्रश्न आपल्याकडे आधी पोटापासून सुरू झाला. कैद्याला आणि परदेशी नेल्या जाणाऱ्या मजुराला सरकार काय खायला घालते, ते पाहून दादाभाई नौरोजींनी माणशी वर्षाला 16 ते 35 रुपये असा खर्च मांडला. त्यांच्याच हिशेबाने दरडोई उत्पन्न होते 20 रुपये! पुढे मुंबईच्या लेबर ऑफिसने 1921 पासून गिरणगावातल्या कुटुंबांचा खर्च तपासला आणि जुलै 1914 ला शंभर मानून निर्देशांक काढला. 1957 च्या श्रम परिषदेने कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड धरले, प्रौढ माणसाला दिवसाला 2,700 उष्मांक धरले. मुलांचे शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांसाठी वेगळे 25 टक्के धरायला सर्वोच्च न्यायालयाचा 1991 चा निकाल यावा लागला. एवढ्या साध्या गोष्टीला इतकी वर्षे!

आता आकडेमोड. औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाचे पायाभूत वर्ष 1960 नंतर तीनदा बदलले. जोडणीचे गुणक 4.93, 4.63 आणि 2.88. डिसेंबर 2024 चा निर्देशांक 143.7. सगळे गुणले की 1960 चा रुपया म्हणजे साडेचौऱ्याण्णव रुपये. महाराष्ट्रात 2024-25 चा रोजगार हमीचा रोज 297 रुपये, म्हणजे 1960 चे तीन रुपये चौदा पैसे. 1956-57 च्या देशव्यापी पाहणीत शेतमजूर पुरुषाचा रोज 96 पैसे होता. मधल्या चार वर्षांची भाववाढ वजा केली तरी अडीच पटीच्या वर. शेतमजुराला कामगारांचा निर्देशांक लावणे ढोबळच, पण दिशा चुकत नाही.

तरी वाडीवरचा मजूर ‘भागत नाही’ म्हणतो, आणि तो खोटे बोलत नाही. सरपण जंगलातून यायचे, पाणी विहिरीचे, घर कुडाचे. त्या कशाचीच पावती नव्हती. आज गॅस, वीज, मुलाची फी, बोईसरपर्यंतचे रिक्षाभाडे, सगळ्याला रोख लागते. फुकटचे विकतचे झाले, ही भाववाढ कुठल्याच निर्देशांकात येत नाही, कारण किंमत वाढायला आधी किंमत असावी लागते.

शिवाय निर्देशांक सरासरीचा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत परप्रांतातून आलेला कंत्राटी कामगार खोलीभाडे भरतो. त्याच पाळीतला माहीमचा मुलगा स्वतःच्या घरी जेवतो. दोघांना महागाई भत्ता एकाच आकड्यावर मिळतो.