जाळे कोणी कापायचे?



परीक्षा संपल्या की आपल्या धर्मग्रामातील तरुणांचे सुट्टीचे बेत कानावर येऊ लागतात. अलीकडे एक नवाच बेत ऐकला. परदेशातील एखाद्या किनाऱ्यावर महिनाभर राहायचे, रात्री वाळूत गस्त घालायची आणि अंडी घालायला येणाऱ्या समुद्री कासवांची राखण करायची. विमानाचे भाडे आपले, राहण्याजेवण्याचे पैसेही आपणच भरायचे. यावर घरच्या मोठ्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "पैसे देऊन काम करायचे? आणि तेही कासवांसाठी? इथे माणसे काय कमी आहेत?" प्रश्न चेष्टेने विचारला जातो, पण तो चेष्टेवारी नेण्यासारखा नाही.

संत थॉमस अक्वायनस सांगतात की प्रीतीलाही क्रम असतो. आईवडील, शेजारी, गावकरी यांचा हक्क आधी, दूरच्याचा नंतर. प्राण्यांना छळू नये असे तेही म्हणतात, पण मुख्यतः अशासाठी की जनावराला छळणारा उद्या माणसालाही छळेल. पाचशे वर्षांनी जर्मन तत्त्वज्ञ कांट जवळजवळ तेच म्हणाला. म्हणजे कासवाला जपायचे ते माणसाचे मन निबर होऊ नये म्हणून. सेमिनरीत हे शिकलो तेव्हाही मला ते पुरेसे वाटले नव्हते. माझ्या मनाला वळण लागावे एवढ्यासाठी देवाने कासव घडवले, असे कसे म्हणावे? पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात स्पष्टच लिहिले की प्रत्येक जीवाला स्वतःचे मोल आहे, मग तो आपल्या उपयोगाचा असो वा नसो. आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते. त्यांना हे वेगळे सांगावे लागत नसावे.

तेव्हा कासवासाठी धडपडणे हा काही मूर्खपणा नव्हे. पण आणखी एक प्रश्न उरतो आणि माझ्या मते तोच खरा. या धडपडीची किंमत कोण मोजतो?

आपल्या कोकणात या कामाचे नाव झाले ते रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावामुळे. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेचे कार्यकर्ते समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी तिथे फिरत होते. तेव्हा त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्यात रात्री भरतीच्या रेषेवर येते, दीडेक फूट खोल खड्डा करते, शंभरच्या वर अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. पिलांचे तोंड ती कधीच पाहत नाही. पुढचे पन्नास-पंचावन्न दिवस ऊब देते ती वाळू. तेवढ्या अवधीत कुत्री, कोल्हे आणि माणसे अंडी उकरून नेत. संस्थेने ती राखण गावकऱ्यांच्या मदतीनेच सुरू केली. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पिले समुद्राकडे जाताना पाहायला मुंबई-पुण्याची माणसे येऊ लागली आणि गावातल्याच घरांत पैसे देऊन राहू-जेवू लागली. अंडी विकून जिथे चार पैसे मिळत, तिथे अंडी जपूनही मिळू लागले. यात कोणाला नुसता व्यवहार दिसेल, मला न्याय दिसतो. गरिबाला कासवाचे मोल पटवून देणे सोपे असते. त्याच्या पोटाची सोय लावायला वर्षे जातात.

परदेशातील एक घटना सांगतो. मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका हा अशा स्वयंसेवकांचा आवडता देश. तेथील मोईन किनाऱ्यावर हायरो मोरा सांदोवाल नावाचा सव्वीस वर्षांचा तरुण लेदरबॅक कासवांची घरटी राखत असे. ३० मे २०१३ च्या रात्री गस्तीवर असताना गुंडांनी त्याला पकडले. बरोबर परदेशातून आलेल्या चार स्वयंसेविका होत्या. त्या सुटल्या. हायरोचा मृतदेह किनाऱ्यावर सापडला. त्या मुलींना दोष देण्यासारखे काही नाही, जीव त्यांनीही धोक्यात घातला होता. पण त्यांना परत जायला दुसरा देश होता. हायरो तिथलाच.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला वाचताना आपण नेहमी शोमरोन्याकडे पाहतो, उतारशाळेच्या रखवालदाराकडे कोणी पाहत नाही. शोमरोनी परका होता, वाटसरू होता, दुसऱ्या दिवशी तो आपल्या वाटेने गेला. त्यानंतर रात्री-अपरात्री उठून त्या जखमीला पाणी पाजणारा तो रखवालदारच असणार. शोमरोन्याने मात्र निघताना त्याच्या हातावर दोन दिनार ठेवले आणि जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन, असा शब्द दिला. परमुलखात चांगले काम करायला जाणाऱ्याने हा भाग पुन्हा एकदा वाचावा. मागे राहणाऱ्याच्या हातावर आपण काय ठेवून निघालो?

आता घिवलीकडे येऊ. इथे आपण शोमरोनी नाही, रखवालदार आहोत. पालघर-डहाणूच्या किनाऱ्यावर कासव दिसते ते बहुधा पावसाळ्यात, तुटक्या जाळ्यात पाय अडकून, जखमी होऊन वाहत आलेले. अशा कासवांवर उपचार करणारे केंद्र डहाणूला आहे. पण सगळीच कासवे किनाऱ्याला लागत नाहीत. कासव फुप्फुसाने श्वास घेते, जाळ्यात फार वेळ अडकले तर पाण्यातच गुदमरते. जिवंत हाती लागले आणि गुंता सुटत नसेल तर तांडेलाने जाळे कापायचे. कापले की मासळी गेली, डिझेल गेले, खलाशांचा दिवस गेला. घरी जाऊन सांगायचे काय?

राज्य सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये यासाठी योजना आणली. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई. शोमरोन्याचे दिनारच म्हणा ना! पण ते जाळ्यापुरते. हातची गेलेली मासळी त्यात धरलेली नाही. कासव जगायला हवे असे जगभरच्या लोकांना वाटते, बिल मात्र फाटते एका बोटीच्या नावावर. २०२१ साली ओडिशात खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालून गेली. एवढ्या प्रवासात किती गावांची जाळी तिच्या वाटेत आली असतील! कासव कोणा एका गावाचे नाही. मग त्याचा भार वाटेत जाळे टाकून बसलेल्या एकट्याने का उचलावा?

परदेशी जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींना मी नको म्हणणार नाही. चार ठिकाणचे किनारे पाहिलेला माणूस आपल्या किनाऱ्याकडेही नीट पाहू लागतो. फक्त जाण्याआधी एक काम इथे आहे. भरपाईच्या अर्जाला जाळे कापतानाचे फोटो जोडावे लागतात. हलत्या बोटीवर ते कसे काढायचे, अर्ज कसा भरायचा, कोणते कागद लावायचे, हे कॉलेजात शिकणाऱ्याला एका दुपारी समजून घेता येईल. बोटीवर जाणारी मंडळी रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या पटांगणात गप्पा मारत उभी असतातच.