पंगत आणि शर्यत

बीड जिल्ह्यातील बहुतेक यात्रा आणि सप्ताह फाल्गुन ते वैशाख या काळात येतात आणि पंचांगाने नेमलेल्या या दिवसांना ऊसतोडीच्या हंगामाचीही साथ मिळते, कारण दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेली कुटुंबे कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की याच सुमारास गावी परततात. पारा चाळिशीच्या पुढे असताना भरलेल्या या गावांत माणसे एका ओळीत बसून जेवतात आणि त्याच दिवसांत कुस्तीच्या फडात, बैलांच्या शर्यतीत किंवा धावण्याच्या स्पर्धेत एकमेकांना मागे टाकू पाहतात. यातली पहिली कृती भेद मिटवू पाहते, तर दुसरी भेद उघड करते. तेव्हा एकाच देवाच्या नावाने दोन्ही कशा चालतात, हा प्रश्न वरवर दिसतो तितका साधा नाही.

फ्रेंच मानवशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात खेळ आणि विधी यांच्यातील फरक असा मांडला आहे, की खेळ समान पातळीवर उभ्या असलेल्यांना शेवटी जेता आणि पराभूत असे विभागतो, तर विधी मुळात वेगळ्या असलेल्यांना जोडतो. न्यू गिनीतील गहुकू-गामा लोक फुटबॉल शिकले, पण दोन्ही बाजूंचे विजय सारखे होईपर्यंत सामने खेळत राहिले, हे त्यांनी दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. वैदिक परंपरेत याचा जवळचा नमुना वाजपेय या सोमयागात सापडतो. त्यात सतरा रथ धावत आणि नीवार म्हणजे आपोआप उगवणारा रानभात शिजवून केलेला चरू घोड्यांना हुंगवला जाई. पण जिंकणार यजमानच, हे आधीच ठरलेले असे. अन्न आणि धाव येथे एकत्र आली खरी, मात्र निकालातील अनिश्चितता काढून घेतल्यावरच, आणि तीच काढून घेतल्यावर शर्यतीत शर्यत म्हणावे असे फारसे काही उरत नाही.

भगवानगड, नारायणगड आणि गहिनीनाथगड या गडांच्या परंपरेतील नारळी सप्ताह, म्हणजे पुढील वर्षाच्या यजमान गावाला नारळ देऊन ज्याचा मान सोपवला जातो तो सात दिवसांचा अखंड हरिनामाचा उत्सव, हे पंगतीचे मोठे रूप होय. घराघरांतून थापून आलेल्या भाकरी एका ढिगात पडल्या की कोणती भाकरी कोणाच्या चुलीवरची हे सांगता येत नाही. कढईतली आमटी सर्वांना एकाच वाढप्याच्या हातून मिळते आणि श्लोक होऊन गजर झाल्याखेरीज पहिला घास कोणी घेत नाही. तरीही पंगतीला स्पर्धेचा वाराच लागत नाही असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. मागच्या गावापेक्षा मंडप मोठा हवा, अन्नदात्यांची नावे ध्वनिक्षेपकावरून पुकारली जावीत, ही ईर्ष्या सप्ताहातही असतेच, आणि कोणी कोणाच्या पंगतीला बसावे यावरून या भूमीत किती अपमान झाले, हे संतचरित्रे वाचणाऱ्यास ठाऊक आहे.

या दोहोंच्या मधली जागा कावडीची आहे. आष्टी तालुक्यातील सावरगावजवळ, मायंबा येथे, मच्छिंद्रनाथांची समाधी मानली जाते आणि गुढीपाडव्याच्या सुमारास पैठणहून गोदावरीचे पाणी कावडीने तेथे आणण्याची परंपरा आहे. कावडीवाल्याला उन्हाची, पल्ल्याची आणि वेळेची तीच शिस्त पाळावी लागते जी लांब पल्ल्याच्या धावपटूला लागते. फरक एवढाच की ज्यासाठी तो चालतो ते पाणी त्याच्याच खांद्यावर असूनही त्याला पिता येत नाही. कर्म करावे पण फळावर हक्क सांगू नये, हा गीतेतील निष्काम कर्माचा सिद्धान्त इतक्या उघड रूपात क्वचितच दिसतो. त्याच पैठणच्या एकनाथांनी (१५३३–१५९९) रामेश्वराकडे नेत असलेली गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, अशी कथा आहे. परंपरेने त्यांची यात्रा अपुरी राहिली असे म्हटले नाही, ती तेथेच पूर्ण झाली असे मानले. म्हणजे अंतिम रेषा कोठे आहे, हे वाटेत भेटलेल्या तहानेने ठरवले.

आधुनिक शर्यतीला ही मुभा नाही, आणि ती असावी असा आग्रह धरणेही अन्यायाचे होईल. याच आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांत धावले आणि केनियाच्या अब्राहम किबिवोट यांच्यापेक्षा सेकंदाच्या शंभरातील पाच भागांनी मागे राहिले. इतक्या सूक्ष्म फरकाला मान देणे म्हणजे दोघांच्याही श्रमाला मान देणे होय. दोघे बरोबर आले असे म्हणणारी दया येथे असत्य ठरेल. म्हणून यात्रेतील रस्त्यावरच्या शर्यतीला धार्मिक म्हणायचे तर तिचा निकाल पुसून चालणार नाही. तो निकाल पंगतीत किती चालू दिला जातो, हे पाहावे लागेल. पहिल्या आलेल्याला फेटा बांधावा, बक्षीसही द्यावे, परंतु वेळेची मर्यादा संपल्यावर पंच घड्याळ बंद करून निघून गेले तरी शेवटचा धावणारा मंडपात पोहोचेपर्यंत वाढपी श्लोकासाठी थांबतात की नाही, यावरच त्या दिवसाचे नाव ठरते.