पाहणे आणि नेम धरणे

शिकारीच्या रायफलीवर कोणती दुर्बीण निवडावी आणि ती कशी बसवावी, हा प्रश्न धर्मग्रामातील कुटुंबांना परका वाटेल. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे आपल्या देशात हौशी शिकारीचा मार्ग बंद झाला. तरीही या प्रश्नाच्या पोटी एक नैतिक प्रश्न दडलेला आहे आणि बंदुकीला कधीही हात न लावणाऱ्याचीही त्यातून सुटका नाही. दूरच्या जिवाकडे आपण पाहतो, ते कशासाठी?

अशा दुर्बिणीचे माप सांगताना दोन गोष्टी सांगतात: वस्तू किती पट मोठी दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास किती. नवशिक्याला वाटते, पट जितकी अधिक तितकी दुर्बीण उत्तम. परंतु ४० मिलिमीटरच्या भिंगातून ४ पटीवर डोळ्याशी १० मिलिमीटर रुंद प्रकाशझोत येतो, तर ८ पटीवर तो ५ मिलिमीटरच उरतो. संधिप्रकाशात चित्र काळवंडते. शिवाय दृश्याचा परीघ आक्रसतो. हरणाच्या कानावरील केस दिसतात, पण पाच पावलांवर उभा असलेला गुराखी दिसत नाही. अधिक जवळून पाहणे म्हणजे अधिक पाहणे नव्हे.

बसवण्याचा भाग याहून बोधप्रद आहे. दुर्बीण कड्यांत आवळून नळीच्या वर, साधारण दीड इंचावर बसते. म्हणजे नजरेची रेषा आणि गोळीचा मार्ग मुळातच निराळे असतात. त्यांची भेट घडवून आणावी लागते. ठरावीक अंतरावरच्या कागदी लक्ष्यावर गोळ्या झाडायच्या, त्या फुलीपासून किती दूर लागल्या ते पाहायचे आणि स्क्रू एकेक खटका फिरवायचा. पुष्कळ दुर्बिणींत एक खटका म्हणजे १०० मीटरवर जेमतेम ७ मिलिमीटर. कडे सैल राहिले, तर जुळवणी पुन्हा ढळते.

आमच्या मते हेतू आणि कृती यांचे नाते असेच आहे. बाप मुलाच्या भल्यासाठी बोलतो आणि शब्द लागतो तो मुलाच्या स्वाभिमानाला. ‘माझा हेतू शुद्ध होता’ असे म्हणणे म्हणजे फुली बरोबर जागी होती असे सांगणे होय. घाव कोठे लागला, हे लक्ष्यापाशी चालत जाऊनच कळते.

मग दुर्बीण वापरणे योग्य की अयोग्य? नवी मुंबईला लागून असलेल्या पनवेल येथे नेमबाज सुमा शिरूर यांनी ‘लक्ष्य शूटिंग क्लब’ उभारला. २००४ साली क्वालालंपूर येथील आशियाई स्पर्धेत पात्रता फेरीत त्यांनी ४०० पैकी ४०० गुण मिळवले. १० मीटर एअर रायफलच्या या खेळात दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो, तरीही तेथे दुर्बिणीला परवानगी नाही. बारीक छिद्रातून पाहून नेम साधावा लागतो. तेथे दुर्बीण हा अन्याय ठरेल. उलट, जेथे शिकारीला मुभा आहे, तेथे ‘मी नुसत्या डोळ्यांनी मारीन’ ही प्रौढी क्रूर ठरू शकते. कारण चुकलेल्या नेमाने जखमी झालेले जनावर रानात तडफडत राहते. साधन एकच, पण निवाडे दोन. फरक इतकाच, की चुकीची किंमत कोण मोजतो. खेळाडू आपले गुण गमावतो. शिकाऱ्याच्या चुकीची किंमत दुसरा जीव मोजतो. आपल्या धाडसाची किंमत दुसऱ्याने मोजायची असेल, तर ते धाडस सद्गुण नव्हे.

शिकाऱ्यांच्या सुरक्षाशिक्षणात एक नियम कटाक्षाने शिकवला जातो: समोर कोण आहे, हे रायफलीवरील दुर्बिणीतून ओळखू नये; त्यासाठी साधी दुर्बीण निराळी बाळगावी. कारण उघड आहे. रायफलीच्या दुर्बिणीतून ज्याला पाहावे, त्याच्यावर नळीही रोखलेली असते. तो माणूस निघाला तर?

ठाण्याच्या खाडीकाठी पक्षिनिरीक्षक तिवईवर दुर्बीण लावून रोहित पक्षी न्याहाळतात. तेथील रोहित अभयारण्य २०१५ साली घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला. त्यांच्या दुर्बिणीतही भिंगेच असतात. खाली नळी तेवढी नसते. सलीम अली यांनीही बालपणी एअरगनने एक चिमणी मारली होती. तिच्या गळ्यावरील पिवळ्या डागाच्या कुतूहलाने ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दारी पोहोचले आणि पुढे पक्ष्यांचे अभ्यासक झाले.

आपण शेजाऱ्याकडे, सुनेकडे, प्रार्थनेला उशिरा येणाऱ्याकडे कोणत्या दुर्बिणीतून पाहतो? पुष्कळदा ओळख पटण्याआधीच बोट चापावर असते. शिकाऱ्यांचे आश्रयदाते संत ह्युबर्ट यांच्याविषयी आख्यायिका आहे, की पाठलाग करताना त्यांना हरणाच्या शिंगांमध्ये क्रूस दिसला आणि ते थबकले. दुर्बिणीतही एक फुली असते. ती नेम कोठे लागेल एवढेच सांगते. चाप ओढावा की नाही, हे ती सांगत नाही. तो निर्णय, आधी नळी खाली करून, आपणच घ्यायचा असतो.