अर्धा कोयता

बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मजूर जमवणाऱ्या मुकादमाची आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, त्या जोडीला मिळते. तो ऊस तोडतो, ती पाचट काढून मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. टनावर मिळणारे पैसे दोघांच्या हातांचे असतात. बायको घरी राहिली की उरतो अर्धा कोयता. त्याची उचल कमी, आणि टोळीत घ्यायलाही मुकादम कुरकुरतो.

आता या घरात सेरेब्रल पाल्सी असलेलं सात-आठ वर्षांचं मूल आहे असं धरू. जन्मल्यावर लगेच रडलं नाही, एवढंच आईला डॉक्टरांकडून कळलेलं. ग्रहणात तू बाहेर पडली असशील, हे बाकीच्यांनी सांगितलेलं. मान सावरत नाही, अंग ताठरतं, अधूनमधून फिट येते. भाकर दुधात कुस्करून एकेक घास भरवायचा, तोही मांडीवर जरा उभं धरून, नाहीतर ठसका लागतो. एका जेवणाला तास जातो. दिवाळी सरली की या आईपुढे दरवर्षी तोच पेच असतो. मूल फडावर न्यावं तर पहाटेच्या अंधारात ते कोपीत कुणाच्या भरवशावर ठेवायचं? सासूकडे ठेवावं तर म्हातारीच्या हातून ते उचललं जात नाही, म्हणून थोरल्या मुलीची शाळा सुटते. आणि आपण मागे राहावं, तर घेतलेली उचल फिटत नाही.

आपली सगळी व्यवस्था मुलाकडे पाहते, घराकडे पाहत नाही, असं मला वाटतं. सिव्हिल रुग्णालयात ठरलेल्या दिवशी वैद्यकीय बोर्डापुढे मूल न्यायचं. प्रमाणपत्रात अपंगत्व 40 टक्के किंवा त्याहून जास्त निघालं तर पुढच्या योजनांचं दार उघडतं. संजय गांधी निराधार योजनेतलं दिव्यांगांचं अनुदान 2025 मध्ये महिन्याला दीड हजारांवरून अडीच हजार झालं, हे चांगलंच झालं. पण फिटच्या गोळ्या, लंगोट आणि दवाखान्याचं गाडीभाडं यांतच ते संपतं. आईची बुडालेली मजुरी त्यात कुठेच नाही. गंभीर अपंगत्व असलेल्या मुलांना शिक्षणहक्क कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनं घरी शिकण्याचा हक्क दिला. मात्र विशेष शिक्षक गावातल्या घरी पोचतो तेव्हा घराला कुलूप असतं आणि मूल कर्नाटकातल्या एखाद्या फडावर असतं.

आईचं प्रेम असतंच, त्याचे पैसे कसले, असं म्हणणारे भेटतात. मला हा युक्तिवाद क्रूर वाटतो. प्रेम आहे म्हणूनच ती रात्रीतून चारदा उठून मुलाची कूस बदलते, पण त्यानं मुकादमाचं देणं फिटत नाही. हेच काम संस्थेत एखादी ताई करते तेव्हा आपण तिला पगार देतो.

आणि ही कल्पना काही नवी नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 24व्या कलमात, ज्यांना जास्त आधार लागतो अशा व्यक्तींसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचा उल्लेख आहे. त्याच कलमात सरकारच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत अशी अटही आहे, आणि त्या अटीपाशीच गाडी अडते. केरळनं ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून अंथरुणाला खिळलेल्यांची आणि गंभीर अपंगत्व असलेल्यांची घरी काळजी घेणाऱ्यांना महिन्याला 600 रुपये ठरवले. रक्कम तुटपुंजी आहे, तरी ती काळजी घेणाऱ्या माणसाचं काम मानून दिलेली आहे, आणि मला त्याचं मोल वाटतं.

महाराष्ट्रानं 2022 मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला. त्या विभागानं ऊसतोडीच्या जिल्ह्यांत आधी एक हिशेब करावा: हंगामात अर्ध्या कोयत्याची मजुरी किती होते. तेवढी रक्कम मागे राहणाऱ्या आईच्या खात्यात, तिच्या नावानं, आणि दसऱ्याच्या आत जमा व्हायला हवी, कारण मुकादम उचल घेऊन दारात येतो तो त्याच सुमाराला.