पान आहे, तर पान द्या

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक २६



आजचा श्लोक आपल्यापैकी बऱ्याच जणांना पाठ आहे. भक्तीनं वाहिलेलं पान, फूल, फळ, पाणी यांपैकी काहीही मी प्रेमानं स्वीकारतो, असं भगवंत इथे अर्जुनाला सांगतात. देवाला महागडं काही लागत नाही, एवढा अर्थ आपण लगेच घेतो आणि पुढे जातो. तो अर्थ बरोबरच आहे. पण आज जरा या चार गोष्टींच्या क्रमाकडे बघूया. आधी पान, मग फूल, मग फळ. वेल वाढते तीही याच क्रमानं!

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे घरामागे सांदवाडी असते. शहरात तिलाच आपण परसबाग म्हणतो. बांबूचं कुंपण, त्यावर दोडका, कारलं, एका कोपऱ्यात भेंडी आणि आंबाडी, आणि मांडवावर वाल. मृगाचा पाऊस झाला की वालाचं बी टोबतात. श्रावणापर्यंत मांडव हिरवागार होतो. पण फूल? एकही नाही. नवखा माणूस घाबरतो आणि खत, पाणी वाढवतो. त्यानं होतं काय, तर पानंच आणखी माजतात. जुन्या गावरान वालाला दिवस लहान होण्याची वाट बघावी लागते. दिवाळीच्या आसपास फुलं येतात आणि थंडीत शेंगा लागतात. तोपर्यंत घरातली बाई काय करते? दिवसभर रोवण्याला जाऊन येते, संध्याकाळी वेलीचा शेंडा मांडवावर चढवते, मावा दिसला तर चुलीतली राख टाकते. शेंग नाही म्हणून ती वेल उपटत नाही.

आता आपल्याकडे वळूया. तुमच्यापैकी कितीतरी जण गाव सोडून नागपूर-पुण्याला खोली करून राहताय. कुणी स्पर्धा परीक्षेचा तिसरा प्रयत्न देतंय, कुणी नोकरीच्या फोनची वाट बघतंय. घरून फोन आला की "झालं का काही?" हा प्रश्न नको वाटतो. आणि देवासमोर बसलं तरी मनात एकच विचार असतो : देवा, एकदा पोस्ट मिळू दे, मग बघ मी काय काय करतो! म्हणजे फळ हातात आलं की मगच द्यायचं, असं आपण ठरवून टाकतो. तोवर देवासमोर रिकाम्या हातानं, थोडं लाजतच उभं राहायचं.

पण भगवंतांनी यादीची सुरुवात पानापासून केली आहे. तुमच्या आयुष्यात सध्या फक्त पानं असतील, तर पानच द्या. आज केलेला चार तासांचा अभ्यास, आईशी न चिडता केलेलं बोलणं, रूममेटसाठी ठेवलेली एक पोळी, ही आजची पानं आहेत. ती आजच स्वीकारली जातात.

इथे एक अवघड प्रश्न उरतोच. फळ आलंच नाही तर? आपल्या जंगलपट्ट्यात हे काही नवीन नाही. माकडांची टोळी आली की सकाळपर्यंत मांडव साफ! रानडुक्कर घुसलं की वाफे उकरून जातं. मग चार महिने घातलेलं पाणी वाया गेलं का? शेंगांच्या हिशोबानं बघितलं, तर हो, गेलं. ते नुकसान खरं आहे, ते नाकारायचं नाही. पण ज्यानं रोजची सेवा रोजच अर्पण केली, त्याची सेवा त्या त्या दिवशीच देवापर्यंत पोचली. ती कोणतंही माकड खाऊ शकत नाही. म्हणूनच लगेच पुढच्या, २७ व्या श्लोकात भगवंत सांगतात की जे करशील, जे खाशील, जे देशील, ते सगळं मला अर्पण कर. तिथेही फळाची अट नाही.

संत सावता माळी आठवा. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे. इ. स. १२९५ मध्ये त्यांनी देह ठेवला. मळ्यातल्या भाजीतच त्यांना विठ्ठल दिसला, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आजही त्यांच्या पुण्यतिथीला पंढरपूरहून विठ्ठलाची पालखी अरणला येते. माळी आपल्या वाफ्यापाशी राहिला आणि देव त्याच्या गावी आला. मग तुमच्या त्या दहा बाय दहाच्या खोलीत तो येणार नाही, असं का वाटतं?

राहिलं पाणी. ते शेवटी आलंय, आणि माझ्या मनाला ते फार धीर देतं. चंद्रपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत सांदवाडीत ना पान, ना फूल, ना फळ. नुसती तापलेली माती. तेव्हाही तांब्याभर पाणी देता येतंच. मन इतकं कोरडं पडलं असेल की जप होत नाही, तर दोन अश्रूही चालतील. तेही पाणीच आहे.

आजचा संकल्प : खिडकीत चार-पाच तास ऊन येत असेल, तर खाली भोक असलेली एक कुंडी घ्या आणि डब्यातली मूठभर मेथी पेरा. मातीत बोट घालून बघा, कोरडी लागली तरच पाणी द्या. साधारण महिन्याभरात भाजी खुडता येईल. पहिलं पान देवाला, मग थोडी शेजाऱ्याला, उरलेली आपल्याला. आणि रोज पाणी घालताना एवढंच म्हणा : "देवा, आज माझ्याकडे हे आहे. हे घे."

राम कृष्ण हरी 🙏